बूम खाली ठेवण्याआधी

पत्र :

मी ३९ वर्षांचा आहे. मूळ गाव अमळनेर तालुक्यात, तापीच्या अंगाला. आधी सात वर्षं स्ट्रिंगर (बातमीमागे पैसे घेणारा वार्ताहर) होतो, गेली सहा वर्षं एका मराठी वृत्तवाहिनीचा जळगाव जिल्हा प्रतिनिधी आहे. पाडळसे धरणापासून कापसाच्या भावापर्यंत सगळं कव्हर केलं. गावात गेलो की पोरं सेल्फी काढतात, 'भाऊ, आता तुम्हीच उभे राहा' म्हणतात. दोन पक्षांच्या माणसांनी चाचपून पाहिलं. त्यातल्या एकाचा पहिलाच प्रश्न होता, 'बजेट किती?' २०२९ ची विधानसभा लढवावी असं मनात पक्कं होत चाललंय. शिलकीत १८ लाख आहेत, भावासोबत सामाईक सात एकर शेती आहे. पत्नी शासकीय रुग्णालयात परिचारिका, मुलं दोन. माझ्यावर दोन केसेस आहेत : एका संस्थाचालकाने केलेली बदनामीची, आणि २०२१ साली आंदोलन कव्हर करताना लागलेली जमावबंदीची. मतदार यादीत नाव जळगाव शहरात आहे. नोकरी कधी सोडू? पक्ष की अपक्ष? खर्च किती येईल? केसेसमुळे अर्ज बाद होईल का? आणि एक बारीक प्रश्न : गाडीवरचा 'प्रेस' काढावा का?

— एक बातमीदार, जळगाव

उत्तर :

भाऊ, आधी सेल्फीचं बोलू. तुमच्यासोबत फोटो काढणाऱ्या पोरांपैकी किती जण अमळनेर मतदारसंघाचे मतदार आहेत, ते मोजलंय का? जिल्हा प्रतिनिधीची ओळख चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत पसरलेली असते. मतं मात्र एकाच मतदारसंघात लागतात : अमळनेर तालुका आणि पारोळ्याचा काही भाग. अकरा मतदारसंघांत वाटली गेलेली ओळख एका ठिकाणी पातळच भरते. 'टीव्हीवर दिखस, गावमा दिखत नही,' हे वाक्य तुमच्याच भाषेत तुम्हाला पारावर ऐकवलं जाईल. उत्तर आत्तापासून तयार ठेवा.

टीव्हीवरून निवडणुकीत उतरलेल्यांचे निकाल तुमच्यासमोर आहेतच. इम्तियाज जलील वाहिनीची नोकरी सोडून २०१४ मध्ये औरंगाबाद मध्यमधून आमदार झाले, २०१९ मध्ये खासदार, २०२४ मध्ये हरले. पलीकडे गुजरातेत शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर कार्यक्रम करणारे इसुदान गढवी थेट मुख्यमंत्रिपदाचा चेहरा झाले आणि २०२२ मध्ये स्वतःची खंभाळियाची जागाही त्यांना काढता आली नाही. शाझिया इल्मी २०१३ मध्ये दिल्लीच्या आर. के. पुरममधून ३२६ मतांनी पडल्या. ३२६ म्हणजे चार-पाच बूथांवरची सत्तर-सत्तर मतं. तुमचं पुढचं सगळं नियोजन या आकड्याभोवती करा.

नोकरी

खासगी वाहिनीच्या माणसाने उमेदवारीसाठी राजीनामा द्यावाच, असं कायदा म्हणत नाही. तरीही आमचं मत असं, की ज्या दिवशी एखाद्या पक्षाला तोंडी होकार द्याल किंवा अपक्ष लढायचं ठरवाल, त्याच दिवशी संपादकांना सांगा आणि नोटीस पीरियड सुरू करा. हे मतदानाच्या किमान दीड वर्ष आधी व्हायला हवं. तिकिटाची बोलणी चालू असताना तुम्ही विद्यमान आमदाराविरुद्ध केलेली एक खरी, पुराव्यानिशी केलेली बातमीसुद्धा नंतर 'तेव्हापासूनच ठरवून चाललं होतं' म्हणून दाखवली जाईल. शिवाय धरणावरची तुमची सगळी जुनी मेहनत त्याच चिखलात ओढली जाईल.

सोडताना काय काय मोकळं करायचं, ते नीट पाहा. बूम (वाहिनीचा माइक), ट्रायपॉड, लाइव्हचं किट, ओळखपत्र यांची पोच सही-शिक्क्यासह घ्या. जिल्हा प्रतिनिधींचं खरं दुखणं जाहिरातींच्या वसुलीत असतं. दिवाळीच्या, वाढदिवसाच्या जाहिरातींचे पैसे कुणाकडे थकले आहेत, कोणते तुमच्या हातून गेले, याचा हिशेब संपवून वाहिनीकडून 'काही देणं नाही' असं लेखी घ्या. हे राहिलं तर ज्या पुढाऱ्याने जाहिरात दिली होती, तोच ऐन प्रचारात पावती मागेल. अधिस्वीकृती पत्रिका असेल तर परत करा. आणि तुमच्या गाजलेल्या बातम्यांचं फुटेज वाहिनीच्या मालकीचं असतं. लोगोसकट क्लिप प्रचारात फिरवली तर पहिली नोटीस जुन्या ऑफिसातून येईल. त्यापेक्षा त्याच धरणावर, त्याच बंधाऱ्यावर जा आणि मोबाइलवर नवं बोला.

आचारसंहिता लागल्यावर जुन्या सहकाऱ्यांकडून एअरटाइमची अपेक्षा ठेवू नका. जिल्ह्याची माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समिती वाहिन्या आणि पेपर रोज चाळत असते. तुमची एकतर्फी कौतुकाची स्टोरी पेड न्यूज ठरली तर निवडणूक निर्णय अधिकारी नोटीस काढतो, ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं, आणि पटलं नाही तर तेवढ्या जाहिरातीचा दर तुमच्या खर्चात धरला जातो. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव अशाच बातम्यांचा खर्च न दाखवल्यामुळे २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या होत्या. तुमच्या बाबतीत तर शंका घ्यायला लोक टपलेलेच असतील. टीव्हीवर आणि समाजमाध्यमांवर पैसे देऊन जी जाहिरात कराल, ती आधी याच समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. उमेदवाराने प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज द्यायचा.

पक्ष की अपक्ष

खान्देश अपक्षांना परका मानत नाही. अमळनेरने २००९ आणि २०१४ असे सलग दोनदा अपक्ष निवडून दिले, २०१९ मध्ये मुक्ताईनगर आणि साक्रीने दिले. मात्र यातलं कुणी टीव्हीवरच्या ओळखीवर आलेलं नव्हतं. प्रत्येकामागे आधीपासून जोडलेली माणसं होती. तुमच्याकडे आज बातमीचे सोर्स आहेत, आणि सोर्स बूथवर बसत नाही.

कागदावरचा फरक असा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. अपक्षांचे अर्ज इथेच अडकतात : यादीभाग क्रमांक चुकतो, एखाद्याचं नाव दुसऱ्या मतदारसंघात निघतं, अंगठा घरी उमटवून आणलेला असतो. अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगाने ठरवलेल्या अधिकाऱ्यासमोरच उमटवावा लागतो. एखाद्या सूचकावर रात्रीतून दबाव येतो तो वेगळाच. म्हणून अर्जाचे चार संच भरण्याची मुभा पूर्ण वापरा आणि प्रत्येक संचाला वेगळे दहा सूचक घ्या. अनामत एकदाच भरायची : सर्वसाधारण उमेदवाराला १०,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त.

अपक्षाला खरा फटका चिन्हाचा बसतो. मुक्त चिन्हांपैकी तीन पसंतीक्रम अर्जात द्यायचे असतात, आणि चिन्ह हातात पडतं माघारीची मुदत संपल्यावर. त्यानंतर उरतात जेमतेम दोन आठवडे, त्यातले शेवटचे ४८ तास प्रचारबंदीचे. म्हणजे बारा दिवसांत दीडेकशे गावांत नवं चिन्ह पोचवायचं. यंत्रावर तुमचं नाव मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत पक्षांच्या खाली, अपक्षांच्या गटात येतं. तिथे तुमच्याच आडनावाचे एक-दोघं आधीच बसवलेले असतील, हे गृहीत धरा. लोक तुम्हाला ज्या नावाने ओळखतात ते नाव मतपत्रिकेवर कसं छापायचं, हे अर्जातच स्पष्ट लिहा.

पक्षाकडून लढायचं तर एकच गोष्ट जपा : एबी फॉर्म, म्हणजे तुम्हीच पक्षाचे अधिकृत उमेदवार असल्याचा कागद. तो अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत मूळ शाईच्या सहीसह दाखल व्हायला हवा. पत्रकाराला हे सांगायला नको, दरवेळी तुम्हीच त्या दारात कॅमेरा लावून उभे असता. तरी हाताशी अपक्षाचे दहा सूचक ठेवा. फॉर्म ऐनवेळी दुसऱ्याच्या खिशात गेला तर पक्षाचा उमेदवार म्हणून एका सूचकावर भरलेला तुमचा अर्ज छाननीत टिकत नाही.

'बजेट किती' विचारणाऱ्याला उत्तर द्यायची घाई करू नका. उलट विचारा, की तुमच्या पक्षाचे या मतदारसंघात किती बूथप्रमुख आहेत, नावं आणि फोन नंबर दाखवा. यादी दाखवणारा पक्ष आणि हसण्यावारी नेणारा पक्ष, यातला फरक तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.

बूथ

अशा मतदारसंघात सव्वातीन लाखांच्या आसपास मतदार आणि सव्वातीनशे ते साडेतीनशे मतदान केंद्रं धरा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर नमुना २० मिळतो, म्हणजे केंद्रनिहाय निकाल. २०१४, २०१९, २०२४ चे तिन्ही काढा, एका वहीत गाववार मांडा. तुमच्या गावाच्या पंधरा किलोमीटर परिघात कोणत्या केंद्रावर तिसऱ्या उमेदवाराने शंभरावर मतं घेतली, ते लाल पेनाने खुणवा. तिथला मतदार दोन मोठ्या गटांबाहेर जाऊ शकतो, हे त्याने आधीच दाखवलेलं आहे. हे काम तुम्हाला इतर कुठल्याही उमेदवारापेक्षा चांगलं जमेल, कारण हे बातमीचंच काम आहे.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर आत एक मतदान प्रतिनिधी आणि त्याला आलटून-पालटून बसायला माणूस लागतो. तो शक्यतो त्याच किंवा शेजारच्या केंद्राचा मतदार असावा. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी अभिरूप (यंत्र तपासण्याचं, चाचणी) मतदान होतं, तेव्हा तो हजर पाहिजे. संध्याकाळी निघताना नमुना १७ क ची प्रत घेतल्याशिवाय त्याने केंद्र सोडायचं नाही. त्यावर एकूण झालेली मतं आणि यंत्रांचे क्रमांक असतात, मोजणीच्या दिवशी तोच कागद कामाला येतो. नवख्या उमेदवारांचे निम्मे प्रतिनिधी दुपारी जेवायला जातात ते परत येत नाहीत. एका केंद्राला दोन माणसं म्हटलं तरी सातशेच्या घरात माणसं झाली. आज फोनमधून सातशे नावं निघतात का ते बघा, फक्त अधिकारी, पुढारी आणि पत्रकार वगळून.

दोन खान्देशी गोष्टी. मतदान २०२४ सारखं नोव्हेंबरात आलं तर ती कापूस वेचणीची वेळ. मजूर बाया सकाळी शेतात जातात, केंद्रावर रांग दुपारनंतर लागते. तुमची माणसं चार वाजता ढिली पडून चालणार नाहीत. दुसरं, उधना-जळगाव रेल्वेमार्गावरच्या गावांतली कितीतरी कुटुंबं सुरतेत राहतात आणि नाव इथल्या यादीत ठेवतात. त्यांना फोन करा, तारीख सांगा, दिवाळीला आले की भेटा. गाडी मात्र पाठवू नका. मतदारांची फुकट ने-आण लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार धरली जाते, आणि निवडून आलात तरी त्यावर निवडणूक रद्द होऊ शकते.

केसेस

केस प्रलंबित आहे म्हणून अर्ज बाद होत नाही, लपवली तर पुढचं सगळं अडचणीत येतं. नमुना २६ च्या शपथपत्रात दोन्हींचा गुन्हा किंवा केस नंबर, पोलीस ठाणं, न्यायालय, कलमं, आरोप निश्चित झाले का आणि कधी, हे लिहावं लागतं. आंदोलनांच्या कव्हरेजमध्ये 'इतर पंधरा-वीस जण' म्हणून नाव घुसलेलं असतं आणि माणसाला पत्ताही नसतो. त्यामुळे ज्या-ज्या ठाण्याच्या हद्दीत काम केलं, तिथून लेखी माहिती मागवा. ई-कोर्ट्सवर स्वतःचं नाव शोधा. शिवाय माघारीनंतर ते प्रचार संपेपर्यंत तीन वेळा पेपरात आणि टीव्हीवर या केसेस स्वखर्चाने जाहीर कराव्या लागतात. तेही पैसे तुमच्या निवडणूक खर्चात जातात.

जमावबंदीची केस किरकोळ म्हणता येईल. बदनामीची म्हणू नका. बदनामीला कमाल शिक्षा दोन वर्षांची, आणि दोन वर्षांची शिक्षा लागली की लोकप्रतिनिधी अपात्र होतो. मार्च २०२३ मध्ये सुरतेच्या न्यायालयाने राहुल गांधींना नेमकी तेवढीच शिक्षा दिली आणि खासदारकी गेली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर ती परत मिळाली. हा गुन्हा तक्रारदाराशी तडजोड करून मिटवता येतो. संस्थाचालकाशी बोलणी करायची तर आत्ताच, तुम्ही उमेदवार नसताना. नंतर त्या मिटवण्याची किंमत दुसरंच कुणी ठरवेल.

शपथपत्रात रकाना रिकामा सोडू नका. लागू नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. अधिकाऱ्याने दाखवूनही रकाना कोराच राहिला तर अर्ज फेटाळता येतो. सामाईक सात एकरांत तुमचा हिस्सा किती, गट नंबर, वडिलोपार्जित की विकत घेतलेली, आजची बाजारभावाने किंमत, हे सातबारा आणि आठ-अ समोर ठेवून लिहा. गावच्या विकासोचं (विविध कार्यकारी सोसायटीचं) पीककर्ज दायित्वात दाखवायला लोक हमखास विसरतात. पत्नीचं उत्पन्न, सोनं, पीएफ, मागच्या पाच वर्षांची विवरणपत्रं, समाजमाध्यमांवरची खाती, सगळं येतं. अर्ज दिल्यानंतर शपथ घ्यायची राहते, आणि ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत व्हायलाच हवी. यावरूनही अर्ज उडालेले आहेत.

जळगाव शहराचा मतदार अमळनेरहून विधानसभा लढवू शकतो. फक्त जळगावच्या यादीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. पण स्वतःचं मत स्वतःला देता येणार नाही, आणि गाव ते विसरत नाही. खरोखर गावी राहायला जाणार असाल तर नमुना ८ भरून नाव हलवा. नुसता सातबारा आहे म्हणून गावात नाव लागत नाही, रहिवास लागतो. दोन्हीकडे नाव तर मुळीच नको.

पैसा

विधानसभेची मर्यादा आपल्याकडे २०२२ पासून ४० लाख आहे. आमचा ढोबळ हिशेब बघा. ३४० केंद्रांवर मतदानाच्या दिवसाचं टेबल, खुर्च्या, चहा-जेवण दीड हजार धरलं तरी ५ लाख १० हजार. प्रचाराच्या आठ गाड्या, चौदा दिवस, डिझेलसह रोजचे तीन हजार : ३ लाख ३६ हजार. ८५ हजार घरांत तीनदा पत्रक, रुपयाला एक : अडीच लाखांवर. अकरा लाख इथेच गेले, आणि अजून सभा नाही, मंडप नाही, ऑफिसचं भाडं नाही. जेवणावळींचं तर विचारूच नका. वरण-बट्टीच्या पंगतीला निवडणूक कार्यालयाचं दरपत्रक लागतं, तुम्हाला केटररने कितीला दिलं याने फरक पडत नाही.

१८ लाखांतले दोन वर्षांच्या घरखर्चाचे आणि हप्त्यांचे पैसे आधी पत्नीच्या खात्यात वेगळे ठेवा. उरेल त्यातला जो आकडा गेला तरी झोप लागेल, तेवढाच तुमचा. बाकी देणग्यांतून. शेतीवर कर्ज काढू नका, त्यात भावाचाही जीव अडकलाय.

निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा आणि सगळा व्यवहार त्यातूनच करा. एका माणसाला पूर्ण निवडणुकीत रोखीने १०,००० पेक्षा जास्त देता येत नाही, कुणाकडून घेताही येत नाही. खर्चाच्या वहीत तीन रंगांची पानं असतात : पांढरी रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचारात तीनदा ती तपासणीला न्यावी लागते. ही वही कार्यकर्त्याकडे देऊ नका. एखाद्या पतसंस्थेतला निवृत्त अकाउंटंट पगारावर ठेवा. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब सादर करायचा, हरलात तरी. हरलेले उमेदवार तिथेच कंटाळा करतात आणि तीन वर्षांची अपात्रता ओढवून घेतात. प्रत्येक पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा.

आधी जिल्हा परिषद?

आमचा कल इकडे आहे. जिल्हा परिषदेच्या एका गटात, म्हणजे तिच्या मतदारसंघात, तीसेक हजार मतदार, गावं मोजकी, तुमच्या सात एकरांपासून मोटारसायकलवर फिरण्याजोगी. दोन अपत्यांची अट तुम्हाला आडवी येत नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्यांना ती अडवते. गटाचं आरक्षण सोडतीने निघतं, तेवढी जोखीम आहेच. विधानसभेलाही ती आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनुसार महिलांसाठी एक तृतीयांश जागा जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेनंतर राखीव व्हायच्या आहेत. मागच्या पुनर्रचनेत, २००९ ला, यावल आणि पारोळा हे मतदारसंघच नकाशावरून गेले होते. ज्याने सगळा जीव एका मतदारसंघाच्या हद्दीवर लावला होता, त्याची वर्षं वाया गेली. गटातली गावं मात्र कुठल्याही मतदारसंघात गेली तरी तुमचीच राहतात.

पत्नीला प्रचारापासून पूर्ण लांब ठेवा. शासकीय कर्मचाऱ्याला राजकारणात भाग घ्यायला १९७९ चे वर्तणूक नियम मनाई करतात, आणि तिला मतदान किंवा मोजणी प्रतिनिधी नेमलं तर तो गुन्हा आहे. हळदी-कुंकवाला तुमचं चिन्ह छापलेली पिशवी हातात असलेला तिचा एक फोटो निलंबनाच्या प्रस्तावाला पुरेसा होतो. निवडणुकीची ड्यूटी लागलीच तर पती उमेदवार असल्याचं तिने लेखी कळवावं.

स्टिकरचं विचारलंत. राजीनामा मंजूर झाला त्याच दिवशी काढा. काचेवर केस सुकवायच्या ड्रायरने दोन मिनिटं गरम हवा सोडली की अखंड निघतो, ब्लेडने खरवडलात तर अक्षरांचा पांढरा ठसा राहतो आणि तो लांबूनही वाचता येतो. त्याच संध्याकाळी पोलिसांच्या आणि जिल्हा माहिती कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधूनही बाहेर पडा.